दोन ओळींची जागा

लेबल म्हणजे काय, चिकटवायचा कागद, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ताईच्या टेबलाशी येऊन बसावं. तळहाताएवढा कागद. त्यात नाव बसवायचं, घटक बसवायचे, वजन, कसं घ्यायचं, कोणी बनवलं, कधीपर्यंत चालेल, सगळं बसवायचं. वर कंपनीला फुलं हवीत, पानं हवीत, दात दाखवणारी बाई हवी. आणि प्रत्येकाला आपलं तेवढं मोठं हवं! ताई गेली बावीस वर्षं हे तळहाताएवढे संसार मांडत होती. छापखान्यात सगळे तिला ताईच म्हणायचे. मालकही म्हणायचा, आणि तो तिच्याहून चांगला नऊ वर्षांनी मोठा होता.

तिची एक सवय होती. प्रूफ ती उलटं वाचायची, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे धावतो आणि चूक निसटते. उलटं वाचलं की एकेक शब्द एकटा हाताला लागतो. पहिल्याच वर्षी मशीनवरच्या एका जुन्या कारागिराने तिला हे शिकवलं होतं. बावीस वर्षांत तिच्या हातून चुकीचं लेबल बाहेर गेलं नाही, आणि याचा तिला गर्व होता. का नसावा? खोकल्याच्या औषधापासून फिनेलपर्यंत हजारो लेबलं तिने वाचली, पण त्यातल्या एकात तरी काय म्हटलंय असं विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. मजकूर कंपनीचा, अक्षरं आपली. विषय संपला.

घरी दोघीच बहिणी. ताईने लग्न केलं नाही, धाकटीचं टिकलं नाही. धाकटीला लहानपणापासून सगळे बुटकी म्हणत आले. पुढे ती ताईपेक्षा टीचभर उंच झाली तरी नाव काही बदललं नाही. बत्तिसाव्या वर्षी बुटकी आजारी पडली. आधी बोटांचे सांधे धरले, मग गालांवर लाली आली, मग थकवा असा की केस विंचरता विंचरता मध्येच बसावं लागायचं. नातेवाइकांनी आपापली निदानं फुकटात करून टाकली. कोणी म्हणालं आळस, कोणी म्हणालं नवऱ्याशी पटत नाही म्हणून ही सोंगं. दोन वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी खरं नाव सांगितलं, ल्युपस. राखणीला ठेवलेला कुत्रा घरच्यांनाच चावत सुटावा, तसं यात शरीर स्वतःवर उलटतं. हा आजार जात नाही, फक्त ताब्यात ठेवायचा असतो. नाव कळलं त्याच वर्षी नवऱ्याला बदलीच्या गावी एकट्यानेच जायची हुक्की आली, आणि तो तिकडेच रमला. गेला ते बरं झालं, असं ताई म्हणायची.

मग आजाराने मूत्रपिंडं धरली. जहाल इंजेक्शनं दिली, मूत्रपिंडं वाचली. पण त्या इंजेक्शनांपायी एकोणचाळिसाव्या वर्षीच पाळी कायमची बंद झाली. वर स्टेरॉइडच्या गोळ्या. चेहरा सुजून असा गरगरीत झाला की शेजारणी म्हणायच्या, छान बाळसं धरलंय हो! डोळ्यांत मोतीबिंदू डोकावायला लागला. वाचनालयातली नोकरी सुटली. तिथे ती देवघेवीच्या टेबलावर बसायची, कोणी कुठलं पुस्तक किती दिवस दडपून ठेवलंय ते तिला तोंडपाठ असायचं. ती नोकरी म्हणजे बुटकीचा जीव होता.

चार वर्षं गेली. आजार हळूहळू बसला, स्टेरॉइडची गोळी चाळीस मिलिग्रॅमवरून पाचावर आली, चेहऱ्यातून जुनी बुटकी पुन्हा दिसायला लागली. आणि एक दिवस वाचनालयाच्या मुख्य बाईंचा निरोप आला. तुझ्या जागेवरची बाई निवृत्त होतेय, सहा महिने जागा धरून ठेवते, पण काम झेपेल असा डॉक्टरांचा दाखला आण. डॉक्टरीणबाईंनी अट घातली, सलग सहा महिने तपासणी स्वच्छ आली तरच दाखला. महिन्याला एक तपासणी. बुटकीने स्वयंपाकघराच्या दारामागे सहा चौकोन आखले आणि दर वेळी एकेकात बरोबरची खूण करायला लागली. चार खुणा झाल्या. राहिले दोन. ताई रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना त्या दोन रिकाम्या चौकोनांकडे बघायची, आणि तिच्या पोटात लहान मुलासारख्या गुदगुल्या व्हायच्या.

एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना त्या वाफांनी उच्छाद मांडला. पाळी गेलेल्या बाईला हे भोग कुणी सांगायला नकोत. अंगातून एकदम वाफा निघायच्या, मान भिजायची, कपडे भिजायचे, झोपेचं खोबरं व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाकीच्या बायकांना मी इस्ट्रोजेनची गोळी देते. तुम्हाला देणार नाही. इस्ट्रोजेन मिळालं की तुमचा आजार चवताळू शकतो. दुसरं एक औषध आहे, पण दाखला हातात पडेपर्यंत नवीन काही सुरू करायला नको. थोडं सोसा." सोसा म्हणायला काय जातं! पण बुटकी सोसत होती.

आता त्या हिरव्या बाटलीकडे येऊ.

ही गोष्ट त्याच्या वर्षभर आधीची. छापखान्यात एका कंपनीचा विक्रीचा माणूस यायचा. त्याच्या आधी त्याचा वास यायचा, म्हणून मशीनवरच्यांनी त्याचं नाव अत्तरवाला ठेवलं होतं. बायकांसाठी झाडपाल्याच्या गोळ्या, हिरव्या बाटलीत, चाळिशीनंतरच्या तक्रारींवर. घटक काय तर लसूणघास, सोयाबीन आणि ज्येष्ठमध.

"लसूणघास? तो तर आमची गाय खाते," मशीनवरचा एक जण म्हणाला.

"मग गाय कधी तक्रार करते का?" अत्तरवाला म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. ताईही हसली.

त्या लेबलावर ताईने जीव ओतला होता. कडेने निळ्या फुलांची वेल होती, ती कुठून उचललेली नव्हती, तिने स्वतः काढलेली होती. प्रूफ तयार झालं, उलटं वाचून झालं, आणि नेमका तेव्हा अत्तरवाला सोनेरी शिक्का घेऊन उगवला. गोल, अठरा मिलिमीटरचा. 'शंभर टक्के नैसर्गिक, हार्मोनमुक्त.'

"हा कुठे बसवू? माझ्या डोक्यावर?" ताई म्हणाली.

"बसवा ना, ताई. तुमच्या हातात जादू आहे."

असं म्हटलं की ताई विरघळायची, हे त्या लबाडाला पक्कं माहीत होतं. अक्षर आणखी बारीक करता येत नव्हतं, दीड मिलिमीटरच्या खाली त्यांच्या मशीनवर ते तुटायचं. ताईने प्रूफ समोर धरलं, डोळे बारीक केले. मागच्या बाजूला, घटकांच्या खाली, दोन ओळी होत्या. शब्द न् शब्द तिने तपासलेला होता. नये. घेऊ. विचारल्याशिवाय. डॉक्टरांना. त्यांनी. आहे. स्त्रियांना. ज्या. आजार. दीर्घकाळचा. किंवा. बळावणारा. इस्ट्रोजेनमुळे. तेरा शब्द, एकातही चूक नाही. या दोन ओळी गेल्या तर घटक खाली सरकतात आणि शिक्का वर ऐसपैस बसतो. तिने लाल पेन्सिल घेतली, ओळींवर आडवी रेघ मारली आणि शेजारी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, 'हे काढल्यास शिक्का बसेल.'

वेल तीन मिलिमीटर बाहेर, काठाकडे सरकवली असती तरी शिक्का बसला असता. पण मग फुलांच्या पाकळ्या कापल्या गेल्या असत्या.

अत्तरवाल्याने वाचलं, नाही वाचलं, खाली सही ठोकली. "वा! लेबल कसं मोकळं झालं बघा!" तो म्हणाला. मालकानेही येऊन पाठ थोपटली. त्या दिवशी ताई खुशीत घरी गेली.

दर छपाईनंतर कंपनीकडून छापखान्यात चार-सहा बाटल्या भेट यायच्या. ताईच्या वाट्याच्या दोन बाटल्या कपाटात पडून होत्या. बुटकीचे हाल बघवेनात तेव्हा तिला त्यांची आठवण झाली. एका संध्याकाळी तिने बाटली आणून बुटकीपुढे ठेवली.

बुटकी कुठलीही गोष्ट अशी तोंडात टाकणारी नव्हती. लेबल वाचल्याशिवाय ती साधी बिस्किटंही घ्यायची नाही, आणि हे तिला शिकवलं कोणी? ताईनेच. "पुढच्या बाजूला थापा असतात, खरं काय ते मागे बारीक अक्षरांत असतं," असं ताई नेहमी म्हणायची. डोळे अधू झाल्यावर ताईने तिला छापखान्यातलं एक भिंग आणून दिलं होतं, कागदावर उभं ठेवायचं, गोल, पितळी. बुटकीने ते बाटलीवर टेकवलं आणि बाटली गोल फिरवत पहिल्या अक्षरापासून वाचत गेली. ताईला हसू आलं.

"तपासणी अधिकारी बाई, झालं का?"

"थांब गं. हार्मोनमुक्त लिहिलंय. आजारी माणसांनी घेऊ नये वगैरे काही नाही." तिने बाटली पुन्हा फिरवली. "ही वेल किती गोड आहे. तुझी ना?"

"मग कोणाची?"

"डॉक्टरीणबाईंना एकदा विचारू का?"

"अगं, औषध आहे का ते? झाडपाला आहे. खोकल्याचं औषध विचारायला गेलीस तर केवढ्या खेकसल्या होत्या! या बाटलीवर विचारा म्हणून लिहिलंय का कुठे?"

"नाही," बुटकी म्हणाली. "लिहिलं असतं तर विचारलंच असतं."

तिने पहिली गोळी घेतली. हे संभाषण ताईला पुढे इतक्या वेळा आठवलं की शेवटी त्यातला प्रत्येक शब्द तिला टोचायला लागला.

पहिले तीन आठवडे तर सुखाचे गेले. वाफा कमी झाल्या. बुटकी झोपायला लागली, उठून गाणं गुणगुणायला लागली. "ताई, तुझ्या गायीचा चारा लागू पडला बरं का!" असं म्हणून तिने ताईच्या गळ्यात हात टाकले. पाचवी तपासणी स्वच्छ आली, पाचवी खूण झाली. तिने वाचनालयात नेसायला दोन साड्या काढून इस्त्री करून ठेवल्या. ताईने कपाटातली दुसरी बाटली आणून दिली.

सहाव्या महिन्यात एक दिवस बुटकीची चप्पल पायात जाईना. दिवसभर उभी होते म्हणून पाय सुजले, असं ती म्हणाली. मग बोटं दुखायला लागली, ती लपवून ठेवली. लघवीला फेस यायला लागला, तोही लपवला. आता वेडी म्हणा, काहीही म्हणा, पण शेवटचा चौकोन रिकामा असताना कुठली बाई आपल्या तोंडाने सांगेल? एका सकाळी ताईने तिच्या गालांवर ती जुनी लाली पाहिली आणि हातातला कप तसाच ठेवला. दोघी तशाच दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. लघवीतून प्रथिनं जात होती, चार वर्षांपूर्वी जात होती तेवढीच.

"मागच्या महिन्यात सगळं ठीक होतं. मध्ये काय झालं? नवीन काही घेता का?"

"नाही," ताई पटकन म्हणाली.

"घेते," बुटकी म्हणाली, आणि तिने पिशवीतून हिरवी बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी घटक वाचले. लसूणघासापाशी त्यांचं बोट थांबलं. "अहो बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तुम्हाला इस्ट्रोजेनची गोळी का दिली नव्हती? काही झाडांमध्ये त्याच्यासारखंच वागणारं द्रव्य असतं. सोयाबीनमध्ये असतं, यातही असतं. धडधाकट बाईला कदाचित काही होणार नाही. तुमची गोष्ट वेगळी. आणि लसूणघासाने ल्युपस उसळल्याच्या तर नोंदी आहेत. याच बाटलीने हे केलं असं मी शपथेवर सांगणार नाही, हा आजार आपणहूनही उसळतो. पण मला विचारलं असतंत तर मी ही तुमच्या जवळपासही येऊ दिली नसती."

"मी भिंग लावून वाचलं होतं हो," बुटकी म्हणाली. "सगळं वाचलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी बाटली गोल फिरवली. एकदा, दोनदा. "खरंय. सूचना असायला हवी होती. साधी दोन ओळींची सूचना. लिहिलेलंच नाही तर माणूस काय करणार? तुमची चूक नाही यात."

ताईने ते मनात पुन्हा म्हटलं. साधी दोन ओळींची. तिला ते शब्द आठवले, उलटेच आठवले, नये, घेऊ, विचारल्याशिवाय. मग त्या शब्दांनी आपणहून तोंड फिरवलं आणि ते सरळ होऊन तिच्यासमोर उभे राहिले. वर्षभर ती ओळ तिच्या डोक्यात पाठमोरी पडून होती.

बुटकीला नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं. पुन्हा ती इंजेक्शनं, पुन्हा चाळीसची गोळी. दाखल्याचं नाव कोणी काढलं नाही. ताई रोज डबा घेऊन जायची, उशी नीट करायची आणि डॉक्टरीणबाईंचं एकच वाक्य घट्ट धरून बसायची, हा आजार आपणहूनही उसळतो. आपणहूनही उसळतो. बुडत्याने लाकूड धरावं तसं तिने ते धरलं होतं. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य काही तिला सोडत नव्हतं.

दहाव्या दिवशी ती छापखान्यात गेली आणि फडताळातून त्या लेबलाचं पाकीट काढलं. प्रत्येक कामाचं एक पाकीट असतं, त्यात सही झालेलं प्रूफ ठेवतात, पुढे भांडण नको म्हणून. प्रूफ जागच्या जागी होतं. लाल रेघ, सुबक अक्षर, खाली अत्तरवाल्याची सही. ती पाकीट घेऊन मालकापुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, बहिणीची चौकशी केली. मग प्रूफ पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "सही त्यांची आहे, ताई. आपल्यावर काहीही येत नाही."

"पेन्सिल माझी आहे."

"पेन्सिलीला कोण विचारतं? जबाबदारी सही करणाऱ्याची. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. ते पाकीट जागेवर ठेवा."

तिने ते जागेवर ठेवलं नाही. तिथूनच तिने अत्तरवाल्याला फोन लावला. ती ओळ परत घ्या म्हणाली. तो आधी हळहळला, मग म्हणाला साठा छापून पडलाय, पुढच्या छपाईला बघू. ताईचा आवाज चढला तसा त्याचाही चढला.

"हे बघा ताई, मी फक्त शिक्का मागितला होता. ओळ काढा असं मी म्हणालो नव्हतो. ती अक्कल तुमची."

ताईच्या तोंडावर शिव्या आल्या होत्या, चांगल्या ठेवणीतल्या. एकही बाहेर पडली नाही. पहिल्यांदाच तो मेला खरं बोलला होता.

बुटकी घरी आली. चेहरा पुन्हा फुगायला लागला होता. वाचनालयाच्या बाईंचं पत्र आलं, फार चांगलं पत्र होतं, काळजी घे, आराम कर, जागा भरावी लागली, इलाज नव्हता. बुटकीने ते दोनदा वाचून घडी घालून ठेवलं. दारामागचे चौकोन तिने पुसले नाहीत. पाच खुणा आणि एक रिकामा तसाच राहिला. ती रडली असती तर ताईला बरं वाटलं असतं. ती रडली नाही, ती टेबलाशी बसून लिहायला लागली.

दोन दिवस ती लिहीत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने कागद ताईपुढे सरकवला. "कंपनीला तक्रार लिहिली आहे. माझं जे व्हायचं ते झालं, पण माझ्यासारख्या आणखी असतील ना? जरा चुका तपासून दे. तुझ्याइतकं नीट कोण बघणार?"

ताईचे डोळे सवयीने शेवटच्या शब्दावर गेले.

"उलटं नको गं वाचूस," बुटकी म्हणाली. "माणसासारखं सरळ वाच. नीट पोचतंय का ते सांग."

ताईने सरळ वाचलं. 'मी तुमचं लेबल भिंग लावून वाचलं होतं. माझी बहीण लेबलं बनवते, तिने मला वाचायला शिकवलं आहे. तुमच्या लेबलावर एक सूचना असती तर मी गोळी घेतली नसती. ती न लिहिणाऱ्या माणसाच्या घरी कोणी आजारी नसावं. असतं तर त्याने ती लिहिली असती.'

ताईने कागद खाली ठेवला. फाडून टाकावं, पळून जावं, आपणहूनही उसळतो म्हणावं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मालक तर म्हणालाच होता, पेन्सिलीला कोण विचारतं! आणि खरंच कोणीही विचारलं नसतं. ती उठली, खुंटीवरच्या पिशवीतून पाकीट काढलं आणि प्रूफ बुटकीच्या पत्रावर ठेवलं.

"हे काय?"

"बघ."

बुटकीने भिंग ओढून घेतलं, कागदावर टेकवलं आणि नेहमीसारखी पहिल्या अक्षरापासून निघाली. नाव, वजन, घटक. लसूणघास, सोयाबीन, ज्येष्ठमध. मग भिंग खालच्या दोन ओळींवर आलं आणि थांबलं. मग लाल रेघेवरून सरकत बाजूच्या अक्षरांपाशी गेलं. ते अक्षर तिच्या पाठ्यपुस्तकांच्या कव्हरांवर होतं, औषधांच्या वेळापत्रकावर होतं, इतकी वर्षं डब्यावरच्या चिठ्ठीत होतं. खाली सही कोणाची आहे हे बघायची तिला गरजच पडली नाही.

घड्याळ चालू होतं, बाहेर कोणीतरी खिळा ठोकत होतं. मला कळलं नाही गं, मी उलटं वाचते, मला अर्थ लागतच नाही, असं काहीतरी ताई पुटपुटली. मग माझं चुकलं म्हणाली. ते तिला स्वतःलाच पोकळ ऐकू आलं.

बुटकीने भिंग उचलून ताईच्या हातात दिलं. "वाच."

"बुटके..."

"सरळ वाच. मोठ्याने."

ताईने भिंग टेकवलं. अक्षरं स्वच्छ होती, एकही तुटलेलं नव्हतं. "इस्ट्रोजेनमुळे बळावणारा किंवा दीर्घकाळचा आजार ज्या स्त्रियांना आहे," ती भिंग पुढे सरकवत गेली, "त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये."

बुटकीची नजर त्या निळ्या वेलीकडे गेली. तिने बोटाने एका फुलाची पाकळी चाचपली, कडेपर्यंत, आणि कागदाच्या काठावर बोट थांबवलं.

"जागा नव्हती का गं, ताई?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"होती," ताई म्हणाली.